शिरवाळ्यांचा साचा घेताना: लाकडी, तिपाई, पितळी की स्टीलचा?

शिरवाळे म्हणजे शिजलेलं तांदळाचं पीठ साच्यातून दाबून काढलेल्या तारा, नारळाच्या गोड रसाबरोबर खायच्या. त्यांना तांदूळ, नारळ, गूळ आणि दोन माणसं लागतात. साचा विकणारा पहिल्या तिन्हींबद्दल भरभरून बोलतो, चौथ्याचं नाव काढत नाही. आणि साचे फसतात ते नेमके तिथेच. मुटका, म्हणजे उकडीचा लांबट गोळा, उकळत्या पाण्यातून बाहेर काढल्यापासून तो साच्यातून उतरेपर्यंत हाताशी जेमतेम दीड-दोन मिनिटं असतात. तेवढ्यात एकाने दाबायचं आणि दुसऱ्याने खाली ताटली फिरवत तारा झेलायच्या. पीठ कोणासाठी थांबत नाही. म्हणून साचा पारखताना पहिला प्रश्न एवढाच: तो गरम मुटक्याला टिकतो का, आणि दोघांना एकमेकांच्या हाताला हात न लागता काम करू देतो का?

मालवण, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात भांड्यांच्या दुकानांत आणि जत्रेतल्या पालांवर चार तऱ्हेचे साचे दिसतात. जुन्या पद्धतीचा दांड्याचा लाकडी, तीन पायांचा स्क्रूचा लोखंडी, हातात धरायचा पितळी सोऱ्या, आणि हल्ली सगळीकडे चमकणारा स्टीलचा. चौथ्याला 'शेव, चकली, इडिअप्पम, सगळ्यासाठी एकच' असं लेबल लावलेलं असतं. हे लेबल नीट वाचावं, कारण त्यातच घोळ आहे.

इडिअप्पम आणि शिरवाळे दिसायला सख्खी भावंडं, पण करण्याची रीत उलटी. केरळात कढत पाण्यात भिजवलेलं मऊ पीठ आधी दाबतात आणि मग तारा वाफवतात. आपल्याकडे उकड मळून तिचे मुटके करतात, मुटके पाण्यात पूर्ण शिजवतात आणि शिजलेला मुटका दाबतात. शिजलेलं पीठ घट्ट असतं, चिवट असतं. शिरवाळ्याला जो लवचिकपणा येतो, बोटात धरून उचललं तरी तुटत नाही, तो त्यामुळेच. पण त्याच चिवटपणापुढे मऊ पिठासाठी बनवलेला साचा हात टेकतो. झाकणाचे आटे सरकतात, चकती फुगते, दांडा वाकतो. साचा वाईट नसतो, तो दुसऱ्या पदार्थाचा असतो.

आता थोडा हिशेब, कारण दुकानात उभं राहून तोच उपयोगी पडतो. नळीचा आतला व्यास ५ सेंटिमीटर असेल तर दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर येतं. व्यास ७ सेंटिमीटर केला की तेच ३८.५ होतं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पिठावर तेवढाच दाब पाडायला हाताने जोरही दुप्पट लावावा लागतो. 'मोठा घ्या, एका वेळी जास्त होतात' हा सल्ला म्हणूनच खोटा. जास्त होत नाहीत, खांदे तेवढे दुखतात. हाताने फिरवायच्या साच्याची नळी ५ सेंटिमीटरच्या वर नको. ५ रुंद आणि १० उंच नळीत ८०-८५ ग्रॅमचे दोन मुटके आरामात बसतात, आणि वर दट्ट्या सरळ उतरायला जागाही राहते. मोठी नळी परवडते ती फक्त दांड्याच्या साच्याला.

तर त्याच्यापासूनच सुरुवात करू. खाली पायांचा जाड ठोकळा, मध्ये आरपार भोक, भोकाच्या तळाशी जाळी. एका टोकाला खिळीत अडकवलेला लांब दांडा आणि त्या दांड्याला जोडलेला लाकडी दट्ट्या. दांडा ६० सेंटिमीटर लांब आणि दट्ट्या खिळीपासून १२ सेंटिमीटरवर असेल तर जोर पाचपट होतो. टोकावर २० किलोचा भार टाकला की दट्ट्यावर १०० किलो पडतात. हातांची ताकद लागतच नाही, अंग टाकलं की झालं. साठी उलटलेली सासू हा साचा सहज चालवते आणि जिमला जाणारा नातू स्टीलच्या साच्याशी झटत बसतो, त्यामागे हेच गणित. घरात पोर असेल तर त्याला दांड्याच्या टोकाला बसवावं. त्यालाही काम केल्याचं समाधान मिळतं आणि मुटकाही उतरतो.

एका दमात नळी रिकामी होते, हा याचा सगळ्यात मोठा गुण. पीठ गरम असतानाच तारा बाहेर येतात, म्हणून त्या गुळगुळीत आणि एकसारख्या असतात. बाकी कुठलाही साचा इथे बरोबरी करत नाही.

दोषही लाकडाचेच. पावसाळ्यात दट्ट्या फुगतो आणि नळीत अडकतो. मे महिन्यात घट्ट बसणारा दट्ट्या श्रावणात हलणारच नाही, हे धरून चाला. घेताना तो कोरडा असताना नळीत किंचित सैल फिरायला हवा. साधारण एक मिलिमीटरची मोकळीक ठीक. पहिल्या मुटक्याआधी नळीत आणि दट्ट्यावर कढत पाणी ओतावं, पुसावं आणि खोबरेल चोपडावं. लाकूड तेवढं फुगून फट भरते आणि पीठ वर चढत नाही. काम झाल्यावर साबण नको. कढत पाणी आणि काथ्याचा घासणा पुरे. नंतर सावलीत वाळवायचा. उन्हात ठेवला की ठोकळा भोकापासून कडेकडे तडकतो, आणि तडकलेला ठोकळा कोणी कितीही खिळे मारून दिले तरी दाब धरत नाही.

लाकूड फणसाचं किंवा सागवानाचं असेल तर बरं. पण लाकडाच्या जातीपेक्षा त्याचे रेषे बघा. दट्ट्यात रेषे उभे, वरपासून खालपर्यंत सरळ गेलेले हवेत. मध्ये गाठ असेल तर तो साचा नको, दट्ट्या तिथेच फुटतो. आणि भोकं बारीक भुशाची, टाचणीने टोचल्यासारखी दिसली तर लाकडाला कीड लागलेली आहे. पॉलिश मारून ती लपवतात, म्हणून खालची, न रंगवलेली बाजू उलटून बघावी.

जुन्या लाकडी साच्यांची जाळी बरेचदा पत्र्याला खिळ्याने भोकं पाडून केलेली असते. अशा जाळीची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरखरीत. खरखरीत बाजू खाली, ताटलीकडे. उलटी बसवली तर पीठ भोकांच्या काठांना अडतं आणि तारा केसाळ निघतात. पत्रा गंजला असेल तर घासून वापरण्याच्या भानगडीत पडू नका. कासाराकडे नाहीतर लेथवाल्याकडे नेऊन त्याच मापाची पितळी किंवा स्टीलची चकती करून घ्यावी. आजेसासूचा साचा माळ्यावर पडून असेल तर नवा घेण्याआधी हा खर्च करून बघावा. निम्म्या वेळा बिघडलेली असते ती फक्त जाळी, आणि घरातले लोक साचाच गेला म्हणून हळहळत बसतात.

तीन पायांचा स्क्रूचा साचा हा शहाण्या माणसाचा मधला मार्ग वाटतो, आणि बऱ्याच अंशी आहेही. वर आडवी मूठ, मध्ये स्क्रू, खाली नळी, आणि पायांमध्ये ताटली ठेवायला जागा. ही जागा मोजून घ्या. जमिनीपासून चकतीपर्यंत निदान २० सेंटिमीटर हवेत. त्याहून कमी असेल तर खालच्याचा हात ताटलीसकट आत शिरतो, पण फिरत नाही. मग शिरवाळे गोल पसरत नाहीत, त्यांचा एकाच जागी गोळा होतो, आणि गरम तारा एकावर एक पडल्या की त्या पुन्हा सुट्या होत नाहीत.

स्क्रूचे आटेही मोजा. एका फेऱ्यात दट्ट्या ४ मिलिमीटर उतरत असेल तर १० सेंटिमीटरसाठी २५ फेरे. आटे बारीक असले की फिरवायला हलका, पण वेळ खातो. पंधराव्या फेऱ्यापर्यंत पीठ कोमट झालेलं असतं आणि शेवटचे दहा फेरे दात-ओठ खाऊन होतात. जाड, चौकोनी आट्यांचा स्क्रू घ्यावा. तो थोडा जड जातो, पण लवकर संपतो. दट्ट्या परत वर घ्यायलाही तेवढेच फेरे लागतात, हे विसरू नये. त्या वेळात पुढचे मुटके पाण्यातच राहू द्यावेत.

या साच्याचं खरं दुखणं स्क्रू ज्यातून जातो त्या नटात आहे. स्क्रू लोखंडी आणि वरचा सांगाडा अॅल्युमिनियमचा ओतीव असेल तर दर फेऱ्याला अॅल्युमिनियम झिजतं. वर्ष-दोन वर्षांत मूठ डुगडुगायला लागते आणि आट्यांतून काळपट भुगा खाली पडतो. पडतो कुठे, तर पांढऱ्याशुभ्र पिठात. सांगाडा अॅल्युमिनियमचा असला तरी आत पितळी नट बसवलेला असेल तरच घ्यावा. स्क्रूला रंग मारलेला असेल तर तो नको, रंगाचे पापुद्रे सुटतात. आट्यांना मशीनचं तेल घालू नये, खोबरेलच घालावं.

किनाऱ्याजवळच्या घरांत लोखंडी पाय खाऱ्या वाऱ्याने गंजतात. धुतल्यावर लगेच कोरडे पुसून तेलाचा हात फिरवला की टिकतात. ओल्याच साच्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकलं की पुढच्या वर्षी पिशवीसकट फेकायचा. गुळगुळीत फरशीवर पाय सरकतात म्हणून खाली ओलं गोणपाट घालावं. मूठ फिरवणाऱ्याने पायांना आपल्या पावलांनी टेकू देणं हा आणखी एक उपाय आहे, पण तो करताना खाली ताटली धरलेल्याच्या बोटांवर पाय पडला की त्या दिवसाचे शिरवाळे तिथेच संपतात.

पितळी सोऱ्या. याच्याबद्दल मन दोन्हीकडे ओढतं. दिसायला देखणा, हातात भरभक्कम, आईकडून लेकीकडे जातो तो बहुतेक हाच, कारण ट्रंकेत मावतो. दीड-दोन किलो वजन, म्हणजे गावाहून मुंबईला नेणंही सोपं. वजनावर विकतात. त्यामुळे वजन कुठे घातलंय ते बघावं. काही साच्यांत ते सगळं झाकणात आणि मुठीत असतं आणि नळीची भिंत मात्र पातळ. झाकण काढून नळीच्या काठाकडे बघितलं की कळतं. काठ कमीत कमी २ मिलिमीटर जाड हवा, आणि बाजूला धरायला दोन कान हवेत. कान नसलेला सोऱ्या एका हाताने धरून दुसऱ्याने फिरवायला गेलं की अख्खा साचाच फिरतो.

पितळ लगेच तापतं. शिजलेला मुटका आत गेला की नळी हातात धरवत नाही. कानांना आधीच सुती फडकं गुंडाळून ठेवावं. ऐन वेळी फडकं शोधायला गेलं की पीठ निवलं. वापर झाल्यावर आत पीठ वाळू देऊ नये आणि ओला ठेवू नये, नाहीतर आट्यांत हिरवट कळंक चढतो. आमसुलं थोड्या कोमट पाण्यात भिजवून त्यानेच घासावा, मग साध्या पाण्याने खळखळून धुवून कोरडा करावा. कोकणात पितळ लखलखीत ठेवायला दुसरं काही विकत घ्यायची गरज नाही. आंबटाचा अंश मात्र राहू देऊ नये, तोच पुढे कळंक आणतो.

स्टीलच्या साच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चकलीला चांगला, शेवेला ठीक. पातळ पत्र्याची नळी, मूठ प्लॅस्टिकची किंवा पोकळ, आणि झाकण दोन-तीन आट्यांवर पेललेलं. शिजलेल्या मुटक्याला हे आटे पुरत नाहीत. जाड पत्र्याचा, निदान पाच आट्यांचं झाकण असलेला मिळाला तर एकेक मुटका घालून निभावून नेता येतं. दोन मुठी एकमेकींवर दाबायचा अॅल्युमिनियमचा प्रकार टाळावा, त्याची बिजागरी पहिली जाते. बॅटरीवर चालणारी यंत्रं मऊ पिठासाठी आहेत, मुटक्याला ती घुरघुरतात आणि थांबतात.

कुठलाही साचा असो, दुकानात दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली उदबत्तीची. मसाला गळून गेलेली उदबत्तीची बांबूची काडी चकतीच्या भोकातून जेमतेम जायला हवी, म्हणजे भोक साधारण दीड मिलिमीटरचं. काडी सहज सळसळत गेली तर तारा जाड, जवळजवळ शेवेसारख्या येतील आणि रस आत मुरणार नाही. गेलीच नाही तर पीठ जाणार नाही. चकती उजेडाकडे धरून सगळी भोकं मोकळी आहेत का बघावं. मधली मोकळी आणि कडेची बुजलेली असतील तर मधल्या तारा लांब आणि कडेच्या आखूड येतात. दुसरी परीक्षा एटीएम कार्डाची. धातूच्या साच्यात दट्ट्या घालून बाजूच्या फटीत कार्डाची कड शिरते का बघायचं. कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. शिरलं तर पीठ तिथून वर चढेल, दट्ट्याच्या डोक्यावर येऊन बसेल आणि दर भरणीला साचा धुवावा लागेल. लाकडी साच्याला ही परीक्षा लावू नये, त्याचं वर सांगितलंच.

साचा घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी त्याला शिव्या घालण्याआधी पीठ तपासावं. दहातले सहा-सात दोष पिठाचे असतात, असं मनात धरूनच चालावं. तांदूळ सुरय, म्हणजे न उकडलेला हवा, उकडा नको, आणि जुना हवा. जयासारखा मोकळा शिजणारा तांदूळ बरा. आंबेमोहोर, इंद्रायणी हे चिकट तांदूळ मोदकाच्या पारीला छान, पण इथे त्यांच्या तारा एकमेकींना बिलगतात. तांदूळ तीन पाण्यांनी धुवून, निथळून, सावलीत कापडावर पूर्ण वाळवावा. गिरणीत 'तांदळावर तांदूळ' दळून घ्यावा. गव्हाच्या मागोमाग दळला की कोंडा मिसळतो, तारा तपकिरी ठिपक्यांच्या येतात आणि बारीक भोकांत कोंडा अडकतो. पीठ मैद्याच्या चाळणीने चाळावंच. एक कणी एक भोक बुजवते.

माप असं. अर्धा किलो पिठाला साधारण ६०० मिलिलिटर पाणी, एक चहाचा चमचा मीठ, एक चमचा खोबरेल. पाण्याला खळखळून उकळी आली की पीठ घालून ढवळावं, झाकण ठेवून गॅस बंद करावा, पाच मिनिटांनी गरम असतानाच मळावं. हाताला सोसत नसेल तर वाटीच्या बुडाने रगडावं. नव्या तांदळाला पाणी थोडं कमी लागतं. मळलेल्या उकडीचे तेरा-चौदा लांबट मुटके होतात. प्रत्येकाला मध्ये अंगठ्याने खळगा पाडावा, म्हणजे आतपर्यंत शिजतो. हा खळगा शोभेचा नाही. तो नसला की बाहेरून शिजलेला आणि आत कच्चा मुटका साच्यात जातो, आणि तारा दोन बोटं लांब होऊन तुटतात. तुटक्या तारेत पांढरा कच्चा ठिपका दिसला तर कारण हेच.

मोठ्या टोपात भरपूर उकळत्या पाण्यात मुटके सोडायचे. वर तरंगले की लगेच काढायचे नाहीत, आणखी पाच-सहा मिनिटं ठेवायचे. एकूण पंधरा मिनिटांच्या आसपास. मग गॅस मंद करून बाकीचे पाण्यातच ठेवून दोन-दोन काढायचे. झाऱ्यावर क्षणभर निथळू द्यायचे. पाणी घेऊन साच्यात गेलेला मुटका तारा चिकट करतो. उलट सगळे एकदम काढून ताटात मांडून ठेवले तर शेवटचे चार दगड होतात, आणि तेव्हा साच्याचा दांडा मोडला तर दोष दांड्याचा नाही. एवढ्या पिठाच्या पाच सेंटिमीटरच्या नळीत सहा-सात भरण्या होतात, पाच-सहा माणसांचं पोटभर खाणं.

तारा झेलायला ताटलीपेक्षा केळीच्या पानाचा तुकडा बरा. तेल लावावं लागत नाही, आणि प्रत्येकाचा वाटा पानासकट उचलून वाढता येतो. ताटली गोल फिरवत, एका थरात, एका पानावर एकाच भरणीचे शिरवाळे. वरून ओलं फडकं टाकलं की कडा वाळत नाहीत.

आता त्या दोन माणसांबद्दल. खाली बसलेला माणूस हाच खरा कारभारी. तारा त्याला दिसतात, वरच्याला दिसत नाहीत. त्यामुळे हुकूम खालून येतो: 'दाब', 'रव', 'सोड'. दाब म्हणजे दाब, रव म्हणजे जरा थांब, सोड म्हणजे दांडा वर घे. वरच्याने आपल्या मनाने जोर केला की पान फाटतं नाहीतर थर बिघडतो. एरवी घरात ज्यांचा शब्द खाली पडत नाही अशांना वर बसवून धाकट्या सुनेला खाली बसवावं. अर्धा तास का होईना, 'रव' म्हटलं की थोरल्या जाऊबाईंना थांबावंच लागतं. दोघी आठवडाभर बोलत नसल्या तरी हे तीन शब्द बोलावेच लागतात. त्यातून समेट होतो असा दावा कोणी करू नये, पण रागात दाबलेले शिरवाळे एकसारखे येत नाहीत आणि ते सगळ्यांना ताटात दिसतं.

तीन-चार भरण्यांनंतर जागा बदलावी. वरच्याचे दंड भरून येतात, खालच्याची बोटं वाफेने लाल होतात. जे घर बदलत नाही तिथे पुढच्या सणाला कोणीतरी 'यंदा नको, विकतचे आणू' म्हणतं. लोकांना वाटतं हौस संपली. हौस संपलेली नसते, दर वर्षी एकाच बाईचा खांदा दुखत असतो.

एकट्या राहणाऱ्याने काय करावं? लहान पितळी सोऱ्या घ्यावा, पीठ थोडं सैल मळावं आणि केरळी रीत धरावी: मऊ उकड तेल लावलेल्या इडलीपात्रावर दाबून दहा मिनिटं वाफवायची. एकट्याला जमतं. तारा मऊ येतात, पण चिवटपणा येत नाही, आणि रसात पाच मिनिटं राहिल्या की विरघळू लागतात. त्यामुळे रस वाढताना वरून घालावा. पुण्या-मुंबईला दोघी मैत्रिणी मिळून एक साचा घेणार असतील तर तिपाई घ्यावी. मात्र साचा एकीकडे आणि जास्तीच्या चकत्या दुसरीकडे अशी वाटणी करू नये. पुढे दोघींचं बिनसलं तर दोघींकडे निम्मा निम्मा कचरा उरतो.

वाडीत साचा मागून नेण्याची पद्धत अजून आहे, आणि लाकडी साचा तर बहुतेक वेळा वाडीत एखादाच असतो. देणाऱ्याने चकती सुतळीने साच्याच्या पायाला बांधून द्यावी. परत येताना हरवते ती चकतीच, कारण ती पिठाच्या गोळ्यासकट भिजत घातलेली असते आणि पाण्याबरोबर माडाच्या आळ्यात जाते. नेणाऱ्याने साचा रिकामा परत करू नये. पानावर दोन वाटे शिरवाळे आणि वाटीभर रस एवढं जावं. आणि हो, धुवून. दट्ट्यावर वाळलेलं पीठ ठेवून परत केलेला साचा पुढच्या वेळी 'मोडलोहा' (मोडलाय) असं सांगून घरातच राहतो.

रसाचं थोडक्यात. दोन मध्यम नारळ, चांगले तयार झालेले. शहाळ्याकडे झुकलेल्या खोबऱ्याचं दूध पातळ येतं. खवताना करवंटीजवळची तपकिरी पाठ घेऊ नये, रस मळकट दिसतो. पहिल्यांदा वाटीभर कोमट पाणी घालून दाट दूध काढावं आणि बाजूला ठेवावं. दुसऱ्यांदा दोन वाट्या पाणी घालून पातळ दूध. पातळ दुधात २०० ते २५० ग्रॅम गूळ विरघळवून गाळून घ्यावा, कारण कोल्हापुरी गुळातही कधी बारीक कचकच असते. ते पूर्ण निवल्यावरच दाट दूध मिसळावं. गरम गुळात दाट दूध घातलं किंवा एकत्र उकळलं की फाटतं, वर तेलाचे थेंब आणि खाली चोथा. पाच-सहा वेलच्या कुटून, चिमूटभर मीठ. मीठ विसरलं तर रस नुसता गोड लागतो आणि दुसरी वाटी कोणी मागत नाही.

कोणाकडे कुठला साचा शोभेल ते आता सांगायला हरकत नाही. सणाला दहा-बारा पानं वाढणारं घर, ठेवायला पडवी आणि दाबायला माणसं असतील तर लाकडी दांड्याचा, दुसरा विचार नको. चार-पाच माणसांचा फ्लॅट असेल तर पितळी नटाची तिपाई. वर्षातून दोनदा करणाऱ्यांनी आणि लेकीला देण्यासाठी घेणाऱ्यांनी पितळी. स्टीलचा आधीच घरात असेल तर चकलीला राहू द्यावा, त्याच्याकडून शिरवाळ्यांची अपेक्षा करू नये.

साच्याबरोबर त्याच मापाची एक जादा चकती त्याच दिवशी, त्याच दुकानातून घ्यावी आणि तिथेच साच्यात बसवून बघावी. दोन साचे एकाच दुकानात शेजारी ठेवलेले असले तरी त्यांच्या चकत्या एकमेकांत बसतीलच असं नाही. अर्ध्या मिलिमीटरने मोठी चकती घरी कानशीने घासता येते, लहान निघाली तर तिच्या कडेने पीठ उतरतं आणि ताटात शिरवाळ्यांच्या भोवती एक जाड पांढरी पट्टी पडते. लहान मुलं ती आधी मागून खातात.